‘गीतारहस्या’ची न वाचलेली पाने

हिंदू तत्त्वज्ञान संसाराकडे पाठ फिरवायला शिकवते आणि मानवकल्याणाचा विचार ही पश्चिमेची देणगी आहे, हे मत मराठी सुशिक्षितांच्या इतके अंगवळणी पडले आहे की, ते आले कोठून हे विचारण्याची गरजही कोणास भासत नाही.

या मताला वजन मिळवून देणाऱ्यांत अल्बर्ट श्वाइट्झर यांचे नाव मोठे. भारतीय विचारवंतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. भारतीय चिंतन मूलतः जगाला व जीवनाला नकार देणारे आहे आणि नकाराच्या पायावर सेवेची नीती उभी राहू शकत नाही, हे त्याचे सार. डॉ. राधाकृष्णन यांनी १९३९ मध्ये त्याचा सविस्तर प्रतिवाद केला. मराठी वाचकाला मात्र तेवढी वाट पाहण्याचे कारण नव्हते. आरोप होण्याच्या वीस वर्षे आधीच त्याचे उत्तर मराठीत छापून तयार होते.

मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या चौथ्या प्रकरणात टिळकांनी बेंथम, मिल प्रभृतींचा सुखवाद तपासायला घेतला आहे. अधिकांचे अधिक सुख हीच नीतीची कसोटी मानली, तर लाच देऊन एखाद्या शहरात ट्राम आणणारा माणूसही नीतिमान ठरेल, कारण ट्रामची सोय तर सर्वांचीच होते! टिळकांनी हा दाखला घेतला तो अमेरिकेतील एका शहराचा. म्हणजे सुखाची बेरीज पुरेशी नाही. करणाऱ्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही, हे पाहावेच लागते. आणि बुद्धी शुद्ध झालेल्याने अरण्याची वाट न धरता लोकसंग्रहासाठी कर्म करीत राहावे, हा ग्रंथाचा निष्कर्ष. त्यासाठी टिळकांनी प्रत्यक्ष शंकराचार्यांच्या भाष्याशी वाद घातला. हिंदू परंपरेत प्रश्न विचारायला मज्जाव आहे, असे सांगत फिरणाऱ्या पुरोगाम्यांनी एवढे एक उदाहरण तरी पाहावे.

तथापि श्वाइट्झर यांच्या आरोपात काहीच तथ्य नव्हते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. निवृत्तीचा अर्थ गीतेवर इतका घट्ट बसला नसता, तर टिळकांना एवढा ग्रंथ लिहावाच लागला नसता. शिवाय श्वाइट्झर हे खुर्चीत बसून उपदेश करणारे पंडित नव्हते. १९१३ पासून त्यांनी आफ्रिकेत लाम्बारेने येथे रुग्णालय चालविले, नोबेल पारितोषिकाचा पैसा कुष्ठरोग्यांच्या वसतीसाठी खर्च केला. अशा माणसाच्या तोंडावर दोन श्लोक फेकून वाद जिंकता येत नाही. त्याला शोभेल असे उत्तर अमरावतीत ‘तपोवन’ उभे करून दाजीसाहेब पटवर्धनांनी दिले. स्वतः कुष्ठरोगाने ग्रासलेल्या सदाशिवराव कात्रे यांनी १९६२ मध्ये छत्तीसगडातील चांपा येथे कुष्ठसेवेचा आश्रम काढून दिले. लोकसंग्रह या शब्दाचा अर्थ तेथे जखमा धुताना कळतो.

पटवर्धन आणि कात्रे यांच्यासारखी माणसे मोजकीच निघणार, हे समजण्याजोगे आहे. पण ग्रंथ वाचणारेही मोजकेच का निघावेत? मध्यमवर्गीय घरात आजोबांची प्रत असते. तिला कापडी वेष्टन असते, गीताजयंतीला तिच्यावर फूलही वाहिले जाते. शेजारच्या कप्प्यात यशाची सूत्रे सांगणारी इंग्रजी पुस्तके मात्र पाने दुमडून, ओळी अधोरेखित करून वाचलेली दिसतात. त्याच घरातील मुलगा परदेशी नोकरीला जातो. जेवणाच्या सुट्टीत सहकारी सहज विचारतो, तुमच्या धर्मात जग मिथ्या आहे ना, मग दुसऱ्याचे दुःख तरी खरे कसे? मुलगा एकतर चिडतो, नाहीतर विषय बदलतो. उत्तर त्याच्या पुण्याच्या घरी, त्याच्याच मातृभाषेत, देवघराच्या फळीवर असते.

पूजा करणाऱ्यांचा ग्रंथावर राग नाही, टीका करणाऱ्यांचा आहे. वाचलेला मात्र दोघांनीही नाही. आजोबांच्या त्या प्रतीचे वेष्टन सोडले, तर वाचनाची खूण म्हणून ठेवलेली जुनी लग्नपत्रिका बहुधा ‘विषयप्रवेशा’तच सापडते.