मुलाच्या घराचा मान ठेवणारी शाळा

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या स्थानकावरून पहाटेची एस. टी. सुटते तेव्हा यमाईदेवीच्या मूळपीठाच्या डोंगरावर अजून उजाडलेले नसते. आणि अशा अंधारातच, मांडीवर दाखल्यांची पिशवी घेऊन, मी, माझी पत्नी व आमचा तेरा वर्षांचा मुलगा असे तिघे गेल्या उन्हाळ्यात दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळ्या शहरांना जाऊन आलो. एका शहरात माझ्या बहिणीचे बिऱ्हाड आहे, दुसऱ्यात मेव्हण्याचे. दोन्हीकडे घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर एकेक जुनी कॅथलिक शाळा आहे, दोन्ही शाळांत आठवीच्या मोजक्या जागा रिकाम्या होत्या, आणि त्या दोहोंतून एक निवडण्याचे काम आमच्यावर आले होते. शाळांची नावे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु खटाव-माणपासून आटपाडीपर्यंतच्या पुष्कळ घरांत आज हाच विचार चालू असतो, आणि तो बहुधा इमारत, निकालाची टक्केवारी व फीचा आकडा यांपाशीच संपतो, हे पाहून जे मनात साचले ते लिहीत आहे.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला लोक सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात. वास्तविक कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा मठ, व त्यांनी चालविलेली ती कॉन्व्हेंट शाळा. पाचगणीचे सेंट पीटर्स किंवा पुण्याचे बिशप्स ही नामांकित विद्यालये ख्रिस्ती असली तरी कॅथलिक नव्हेत, त्यांची परंपरा अँग्लिकन पंथाची आहे. आणि एखाद्या संताचे नाव पाटीवर असूनही कोणत्याही चर्चशी काडीचा संबंध नसलेल्या शाळा तर आता तालुक्यातालुक्यांत निघाल्या आहेत. म्हणून पालकाने पहिली चौकशी करावी ती शाळा खरोखर कोणाची, याची. धर्मप्रांताची, की एखाद्या संन्यस्त संघाची. आणि संघाची असेल तर कोणत्या? पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७ साली व लोयोला १९६१ साली सुरू झाले, मुंबईचे सेंट झेवियर्स १८६९ साली. ही तिन्ही जेझुइटांची, म्हणजे इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या व १५४० साली पोपची मान्यता मिळालेल्या येशूसंघाची. या संघाने १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी अभ्यासक्रमाची एक सविस्तर नियमावलीच मुक्रर केली होती. वाद, विवेचन, वक्तृत्व व बुद्धीची कसून मशागत हा तिचा गाभा. डॉन बॉस्कोच्या अनुयायांची, म्हणजे सेल्शियनांची, रीत निराळी. एकोणिसाव्या शतकात इटलीतील तूरिन शहरात रस्त्यावर भटकणाऱ्या पोरांना गोळा करून त्या धर्मगुरूने काम आरंभिले, आणि शिक्षेने सुधारण्यापेक्षा सहवासाने बिघडू न देणे हे आपल्या पद्धतीचे सूत्र ठरविले. त्यांच्या शाळांत मैदानाला जे महत्त्व आहे त्याचे मूळ तेथे आहे. शांत, पुस्तकात रमणारा मुलगा आणि दिवसभर चेंडूमागे धावणारा मुलगा यांच्यासाठी एकच शाळा सारखीच चांगली असेल असे नाही, ही साधी गोष्ट माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावर कोणी छापत नाही.

आम्ही मुलाला बाहेर का पाठवतो, असे शेजारच्या वडीलधाऱ्यांनी मला विचारले, आणि तो प्रश्न रास्त आहे; कारण औंध हे मुलांना बाहेर पाठविणारे गाव नव्हे, बाहेरच्या मुलांना पोटाशी घेणारे गाव. पालगडचा पांडुरंग सदाशिव साने नावाचा मुलगा दापोलीच्या मिशन शाळेत शिकत होता. घरची परिस्थिती ढासळली, आणि औंध संस्थानात गरिबांच्या मुलांना शिक्षणाची व जेवणाची सोय होते असे ऐकून तो परक्या मुलखात, ओळखदेख नसता, येथे आला. प्लेगामुळे त्याला लवकरच औंध सोडावे लागले, परंतु साने गुरुजींच्या चरित्रात औंधचे नाव कायमचे राहिले. ग. दि. माडगूळकर येथल्या शाळेत शिकले. आटपाडीच्या महारवाड्यात जन्मलेले आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेले शंकरराव खरात हेही येथलेच विद्यार्थी. ही पुण्याई आमच्या मुलाच्या वाट्याला आली नाही असे मी म्हणणार नाही. येथेच राहून शिकणाऱ्या मुलाचे काही बिघडत नाही, हे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु त्याला पदार्थविज्ञानाची ओढ आहे, प्रयोगशाळा हवी आहे, इंग्रजी कानावर पडायला हवी आहे, आणि मुख्य म्हणजे त्याने स्वतः जाण्याची इच्छा सांगितली आहे.

परक्याकडून शिकण्यात कमीपणा मानण्याचे तर औंधला कारणच नाही. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगराच्या कुशीत जे संग्रहालय उभारले, त्यात राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या सहवासात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालक शिल्प आहे; आणि १९३९ साली संस्थानच्या प्रजेला स्वराज्य देणारी राज्यघटना जेव्हा अमलात आली, तेव्हा तिच्या घडणीत गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली खपणारा एक माणूस मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनिअर होता, ज्याला लोक भारतानंद म्हणून ओळखत. परके येथे आले, त्यांनी दिले, त्यांनी घेतले. पण येथल्या माणसाला त्याच्या घराची लाज वाटावी असे त्यांनी काही केले नाही. याच मापाने ती दोन विद्यालये मोजावीत असे मी ठरविले.

पहिल्या शाळेची कचेरी प्रशस्त, फरशी आरशासारखी. कार्यालयातल्या बाईंनी आमचे कागद नीट लावून घेतले, शाळा सोडल्याचा दाखला तपासला, आणि मुलाखत सुरू झाली ती इंग्रजीत. माझे कसेबसे निभावले. पत्नीला प्रश्न आला तेव्हा तिने पदर सावरला, माझ्याकडे पाहिले, आणि ती गप्प बसली. ज्या बाईने या मुलाला चुलीपाशी बसवून राखेत अक्षरे गिरवायला शिकविली, पावकी-निमकी तोंडपाठ करून घेतली, ती तेथे तीन मिनिटांत अशिक्षित ठरली. मग मुलानेच तिच्या वतीने इंग्रजीत उत्तर दिले. आणि ते देताना त्याने आईकडे पाहिले नाही. निघताना आम्हाला सौम्य शब्दांत सांगण्यात आले की आजपासून घरीदेखील मुलाशी मराठी बोलणे बंद केल्यास त्याची प्रगती लवकर होईल. परतीच्या गाडीत रहिमतपूर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्या बाईंच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मी मान्य करतो. त्यांनी जो शिरस्ता पाळला तो आज शेकडो शाळांचा शिरस्ता आहे, आणि म्हणूनच तो मला अधिक घातक वाटतो.

ज्या परंपरेच्या नावाने हे चालते त्या परंपरेलाही ते शोभत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्याने ओवीबद्ध मराठीत जे ख्रिस्तपुराण रचले ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्या भाषेवरील त्याचे प्रेम मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर मराठीतच लेखन केले, बायबल सुबोध मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले; २०२४ साली ते गेले तेव्हा आपल्या घरचे माणूस गेले अशी भावना अनेकांची झाली. संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय कॅथलिकांचेच. तेव्हा कॅथलिक शाळा म्हटली की मराठी दाराबाहेर ठेवावी लागते हा समज धर्मगुरूंनी निर्माण केलेला नाही. तो आपण पालकांनी आपल्या न्यूनगंडातून वाढविला आणि शाळांनी तो गिऱ्हाइकाची मागणी म्हणून मान्य केला. महाराष्ट्राने २०२० साली कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले आहे. पण तासिका वेळापत्रकात असणे वेगळे आणि शिक्षकाने मधल्या सुट्टीत मुलाला त्याच्या भाषेत हाक मारणे वेगळे. पालकाने मराठीच्या शिक्षकाची भेट मागावी. ती देण्यास शाळा कचरली तर तेवढ्यावरूनच पुष्कळ कळते.

यावर असे म्हटले जाते की इंग्रजीसाठीच तर मुलाला पाठविता, मग हे सोवळे कशाला? इंग्रजी हवीच आहे, आणि उत्तम हवी आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे दापोलीच्या मिशन शाळेतूनच मॅट्रिक झाले, आणि त्या इंग्रजीचा त्यांनी उपयोग काय केला, तर धर्मशास्त्राचा विशाल इतिहास खंडामागून खंड लिहून जगापुढे ठेवला. त्या शाळेत ख्रिस्ती प्रार्थना होत असतील. परंतु तिने काण्यांकडून त्यांच्या घरची स्मृतिग्रंथांची पोथी काढून घेतली नाही.

धर्माचा प्रश्न आमच्या घरातही निघाला. माझ्या आईने विचारले, पोराला बाटवणार तर नाहीत ना? तिला मी घटनेचा आधार सांगितला: अनुच्छेद २८च्या तिसऱ्या खंडानुसार, शासनाने मान्यता दिलेल्या किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शाळेत, विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, त्याला धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस बसविता येत नाही. व्यवहारातही बहुतेक कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग वेगळा असतो व इतरांना त्या वेळी नीतिशिक्षण असते. ही भीती मला वाटत नाही. कमळातला येशू किंवा समईतली मेणबत्ती पाहून आमच्या यमाईवरची मुलाची श्रद्धा डळमळेल, इतकी ती कच्ची असेल तर दोष आमचा आहे.

मला त्यापेक्षा मोठी वाटते ती दुसरीच शंका. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी ज्या पंचवीस टक्के जागा राखल्या, त्या तरतुदीतून अल्पसंख्य समाजाच्या शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निकालाने मुक्त झाल्या आहेत. म्हणजे शेतमजुराचा मुलगा माझ्या मुलाच्या बाकावर बसेल की नाही हे आता सर्वस्वी व्यवस्थापनाच्या मर्जीवर आहे. अल्पसंख्यांना आपल्या शाळा चालविण्याचा जो अधिकार घटनेच्या अनुच्छेद ३०ने दिला त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या संघांनी दरिद्री मुलांसाठी आपले संसार बाजूला ठेवले, त्यांच्या शाळेत फीमाफीवर किती मुले आहेत हे विचारण्याचा हक्क पालकाला आहे. ज्या शाळेत सर्वांचे डबे एकसारखे श्रीमंत, तेथे दुष्काळी तालुक्यातले पोर दोन महिन्यांत आपल्या वडिलांच्या धोतराबद्दल खोटे बोलायला शिकते.

दुसऱ्या शाळेत आम्ही पोचलो तेव्हा पोपडे उडालेल्या भिंतीजवळच्या बाकावर आम्हाला तासभर बसावे लागले. प्रयोगशाळा पहिलीपेक्षा लहान, निकाल किंचित उणा. वयस्क फादर साध्या सदऱ्यात आले, आणि त्यांनी पहिला प्रश्न माझ्या पत्नीला विचारला, तोही मराठीत, किंचित वसईच्या हेलाने: "ताई, मुलगा रागावला म्हणजे काय करतो?" ती क्षणभर थबकली, आणि मग बोलत राहिली, तो रागावला की जेवत नाही, गच्चीवर जाऊन बसतो, बाबांशी अबोला धरतो पण आजीशी नाही, गेल्या वर्षी गाय मेली तेव्हा चार दिवस शाळेत गेला नाही. मला स्वतःला यातले निम्मे ठाऊक नव्हते. फादर एका लहानशा वहीत काहीबाही टिपून घेत होते. नंतर त्यांनी मुलाला इंग्रजीत दोन गणिते घातली, एक त्याला आले नाही, ते त्याने मराठीत कसे अडले ते सांगितले, आणि त्यांनी मराठीतच ती अडचण उलगडून पुन्हा इंग्रजीत मांडून दाखविली. तुमच्याकडे मुलगा सायंकाळी साडेपाचला काय करीत असतो, हे कोणाला ठाऊक असेल, असे मी विचारले. ते म्हणाले, मैदानावर असेल तर मला, नसेल तर तुमच्या बहिणीला, आणि दोघांनाही ठाऊक नसेल तर मी तुमच्या बहिणीकडे चालत जाईन.

तरीही निवड मी मुलावर सोपविली. पहिल्या शाळेची प्रयोगशाळा त्याच्या डोळ्यांसमोरून हटत नव्हती हे मी पाहत होतो, आणि त्याने ती मागितली असती तर माझे मन दुखावूनही मी मान्य केले असते, कारण चौदाव्या वर्षाकडे झुकलेल्या मुलाला फरफटत नेऊन कोणत्याही शाळेत विद्या शिकविता येत नाही. दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आई भाकरी थापत होती तेथे जाऊन तो बसला आणि म्हणाला, "आत्याकडे राहीन मी. त्या फादरांच्या शाळेत."

प्रवेशाचा अर्ज त्याने स्वतः भरला. तो द्यायला गेलो तेव्हा फादरांनी औंधला पाहण्यासारखे काय आहे म्हणून विचारले. त्याने डोंगराच्या पायऱ्या, देवीचे देऊळ आणि संग्रहालय सांगितले, आणि मग दोन्ही हातांनी हवेत आकार करून एका इंग्रजाने घडविलेली आई व तिचे मूल कसे आहे ते दाखविले. पौषातल्या यमाईच्या यात्रेला येण्याचे त्यांनी कबूल केले आहे, आणि त्यांना जेवायला काय करायचे याचा विचार आमच्या घरात आतापासूनच चालू आहे.