सीमेवरील पेट्रोल

पणजीहून रत्नागिरीस परतणारा मोटारवाला पत्रादेवीचा नाका ओलांडण्यापूर्वींच टांकी कांठोकांठ भरून घेतो. पलीकडे बांद्यास, म्हणजे महाराष्ट्रांत, तेंच पेट्रोल महाग पडतें. तेल एकच, कर मात्र निराळा. २०१२ सालीं मनोहर पर्रीकर यांच्या सरकारनें गोव्यांत पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हां भाव लिटरमागें सुमारें ११ रुपयांनीं उतरला. एवढी सवलत पुढें टिकली नाहीं; भावांतील अंतर मात्र राहिलें. २०१७ सालच्या वस्तु व सेवा करांतूनहि पेट्रोल वगळलें गेलें. युरोपांतहि शेजारचे जर्मन व फ्रेंच लोक लक्झेंबर्गांत शिरून असेंच स्वस्त पेट्रोल भरीत आले आहेत.

यांत लबाडी आहे असें मला वाटत नाहीं. काटकसर हा गुन्हा नव्हे. (बांद्याच्या पंपवाल्यास हें पटणार नाहीं!) परंतु ज्या तिजोरींतून आपलें जिल्हा रुग्णालय चालतें, तिचा कर आपण गोव्यास देऊन आलों, याची जाणीव तरी असावी. रुग्णालयांत औषध नाहीं म्हणून सर्वांत मोठ्यानें ओरडणारा गृहस्थ पुष्कळदां टांकी भरून आलेलाच असतो. मागल्या मे महिन्यांत मीहि तशीच भरून आणली.