भाऊंचा फ्लेक्स दिसतो, 'नो पार्किंग' दिसत नाही

पोस्ट लांबली आहे, पण दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी.

आपल्या शहरात एक-दोन दिवसांपुरती पार्किंगबंदी कशी लागते ते बघा. वहीच्या पुठ्ठ्याएवढी पाटी छापायची, सुतळीने झाडाला बांधायची आणि तासाभरात टोइंगची गाडी पाठवायची. ह्याला वाहतूक नियोजन म्हणतात. मी ह्याला वसुली म्हणते.

गेल्या महिन्यात नाट्यगृहामागच्या रस्त्यावरून एका सकाळी वीसेक दुचाक्या उचलल्या, त्यात माझी स्कूटर होती. त्या रस्त्यावर कायमची बंदी नाही, रोज गाड्या लागतात. त्या दिवशी पलीकडच्या मैदानावर कुणा मान्यवरांचा कार्यक्रम होता म्हणून तेवढ्यापुरती बंदी. पाटी होती का? होती. मी नंतर शोधून काढली. वडाच्या बुंध्याला, तोंड फुटपाथकडे, आणि वरचा अर्धा भाग एका भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सने झाकलेला. माझी गाडी होती तिथून ती पाटी 73 पावलं. मध्ये दुसरी एकही नाही. भाऊ मात्र चौकातूनच हसताना दिसतात! शुभेच्छुकांच्या बावीस फोटोंसकट.

आता कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा 1988, कलम 115. एक महिन्याच्या आतली बंदी असेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, पण परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यायलाच हवी. म्हणजे राजपत्राची सूट मिळाली, ती लोकांना दुसऱ्या मार्गाने सांगाल ह्या बोलीवर. कलम 116 सांगतं की अशी बंदी लोकांच्या लक्षात आणून देण्यासाठी रस्त्यावर चिन्हं लावता येतात. लक्षात आणून देण्यासाठी, बरं का. फाइलला फोटो जोडण्यासाठी नाही. आणि ती चिन्हं कशी असावीत ह्याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं अख्खं पुस्तक आहे, आयआरसी 67. आकार, रंग, रात्री चमकणारा पत्रा, सगळं त्यात आहे. सुतळी नाही.

"कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही," असं मला खिडकीवरच्या साहेबांनी ऐकवलं. साहेब, बरोबर आहे. पण कायदा आधी जाहीर तर व्हायला हवा. 1951 साली सर्वोच्च न्यायालयात हरला विरुद्ध राजस्थान सरकार नावाचा खटला चालला. जयपूर संस्थानाने 1923 साली अफूचा कायदा केला होता आणि तो कधी प्रसिद्धच केला नव्हता. त्या कायद्याखाली एका माणसाला दंड झाला, रुपये 50. पन्नास रुपयांसाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि न्यायालयाने शिक्षा रद्द केली. जो कायदा लोकांना कळवलाच नाही त्याखाली माणसाला शिक्षा देता येत नाही, हे त्यातलं तत्त्व. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस आधी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. तिथे अख्खा कायदा झाकलेला होता, इथे पाटी झाकलेली आहे.

यार्डात माझ्या पुढे एक मुलगा उभा होता. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करतो. सकाळचे सात नमुने डिकीत, गाडी उन्हात, आणि बर्फ वितळत चाललेला. लॅबमधून फोनवर फोन. त्याने एक अक्षर न बोलता 500 रुपये दंड आणि वर टोइंगचा आकार भरला आणि पळाला. सात जणांना परत उपाशीपोटी सुई टोचून घ्यावी लागली की काय, कुणास ठाऊक. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुला पाटी दिसली होती का? आणि ह्या सगळ्या व्यवस्थेचं इंगित इथेच आहे. आपण जो दंड भरतो तो कायद्याच्या भाषेत तडजोड असतो, कलम 200 बघा. पैसे भरले की प्रकरण मिटलं, मग पाटी दिसत होती की नव्हती हे कुठलंही न्यायालय तपासत नाही. ज्याला कामावर पोहोचायचंय तो भरणारच. भांडायला अर्धा दिवस लागतो आणि अर्ध्या दिवसाची मजुरी दंडापेक्षा महाग पडते.

मी टोइंगचा आकार भरला आणि चलान न भरता प्रलंबित ठेवा म्हणून सांगितलं. अर्धा तास हुज्जत घातल्यावर ठेवलं. असं ठेवता येतं हे आपणहून कुणी सांगत नाही. चलानावरचा फोटो पाहिला तर त्यात माझी नंबरप्लेट आहे, चाक आहे, शेजारच्या शहाळेवाल्याचा पाय आहे. पाटी नाही.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं तिकीट लावलं आणि अर्ज दीडशे शब्दांत बसवला (आपल्या राज्यात तशी मर्यादा आहे, हेही लक्षात ठेवा). आदेशाची प्रत मागितली, पाट्या कुठे, किती वाजता, कुणी लावल्या त्याची नोंद मागितली. उत्तर आलं. आदेश आदल्या दिवशी संध्याकाळचा. पाट्यांबाबत एकच ओळ: "नोंद उपलब्ध नाही." गाड्या किती उचलल्या, किती पैसे जमले, त्याची नोंद मात्र रुपयापर्यंत उपलब्ध आहे.

आता काही जण लिहितील, "ताई, लोक बेशिस्त आहेत, उचलायलाच हव्यात." अहो, दवाखान्याच्या दारात आडवी लावलेली गाडी उचला, मी टाळ्या वाजवते. त्यासाठी कायद्यात वेगळी सोय आहे. पण कलम 127 मध्येसुद्धा गाडी हलवण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचा आहे, ठेकेदाराच्या पोरांचा नाही. ती पोरं तरी काय करणार, त्यांना गाड्या भरायला सांगितलंय, भरतात. 2021 साली पुण्यात नाना पेठेत बसलेल्या माणसासकट दुचाकी उचलली होती, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. बंगळुरूत 2022 साली लोक इतके वैतागले की सरकारला टोइंगच थांबवावं लागलं. माझं तेवढंही मागणं नाही.

तात्पुरत्या पाटीवर तारीख, वेळ, कुठून कुठपर्यंत, आदेशाचा क्रमांक आणि सही करणाऱ्याचं पद असावं. रस्त्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये दर काही अंतरावर ती असावी, तोंड रस्त्याकडे. किमान आदल्या दिवशी लागावी. आणि ज्या फोटोत गाडीबरोबर पाटी दिसत नाही त्यावर चलान फाडू नये. हा शेवटचा मुद्दा मान्य झाला तर बाकीचे आपोआप सुटतील, कारण मग पाटी दिसेल अशी लावण्यात त्यांचाच फायदा असेल. खर्च किती? भाऊंच्या एका फ्लेक्सइतका.

माझी लेखी हरकत दाखल आहे आणि चलान कोर्टात गेलं तर मी तिथे उभी राहणार आहे. झाड, पाटी, फ्लेक्स आणि 73 पावलांचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्या सकाळी नाट्यगृहामागून ज्यांच्या गाड्या उचलल्या त्यांनी पावतीचा फोटो मला मेसेजमध्ये पाठवा, पैसे भरले असतील तरी चालेल. सोमवारी अकरा वाजता वाहतूक शाखेत एकत्र निवेदन द्यायचंय. आणि येताना गाडी रिक्षा स्टँडपलीकडच्या पे अँड पार्कमध्येच लावा, कारण शाखेसमोरच्या भिंतीवरची पाटीही वेलीत गेली आहे.