गोवर आणि शाळा

वैनगंगेकांठच्या पवनीसारख्या गांवीं घरोघरचीं मुलें एकाच बांकावर बसतात. म्हणून एका घरची हयगय दहा घरांस भोंवते. गोवर आपण पुरळावरून ओळखतों. परंतु पुरळ उठण्यापूर्वीं ४ दिवस व उठल्यानंतर ४ दिवस त्याचा संसर्ग होतो. रोगी मूल वर्गांतून गेल्यावरहि तेथील हवा सुमारें २ तास बाधक राहूं शकते. यास्तव ज्वर, खोकला व लाल डोळे दिसतांच, परीक्षा असली तरी, मुलास घरीं ठेवावें. डॉक्टरांस दाखवावें आणि गुरुजींस त्याच दिवशीं कळवावें. देवीचा कोप समजून गोष्ट झांकूं नये. २०२२ सालीं मुंबईच्या गोवंडी भागांत गोवरानें कित्येक बालकें दगावलीं. लस न टोंचलेलीं मुलें रोग्यांत पुष्कळ होतीं.

लशीची पहिली मात्रा ९ महिने पुरे झाल्यावर व दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. एकत्र कुटुंबांत पाळण्यांतलें तान्हें त्यापूर्वीं उघडेंच असतें; त्याचें रक्षण शाळेंत जाणाऱ्या थोरल्या भावंडांच्या लशीवर अवलंबून. बुडालेली हजेरी भरून निघते. रिकामा पाळणा भरून निघत नाहीं.