डबा एकट्याचा, ताट घराचे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांतील तरुण पहाटे मैदानावर धावू लागतात. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. मात्र आठ-पंधरा दिवसांत कोणीतरी सांगतो, 'पावडर घेतल्याशिवाय अंग भरत नाही.' मग आई भिशीचे पैसे काढते आणि घरात प्रोटीन पावडरचा डबा येतो. ह्या डब्याचा हिशेब आम्ही आज वाचकांपुढे मांडत आहोत.

खेळाडूच्या आहाराचे शास्त्र खोटे नाही. सर्वसाधारण माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात; कसून सराव करणाऱ्याला १.२ ते २ ग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या मुलाला ७२ ते १२० ग्रॅम. आता हेच स्वयंपाकघरात मोजू. दोन अंडी सुमारे १२ ग्रॅम, ५० ग्रॅम शेंगदाणे १२, दिवसभरात १०० ग्रॅम डाळ-कडधान्य २२, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या २५ आणि २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी २०. बेरीज झाली ९१. सुकट-बोंबील असतील तर ती आणखी वाढेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात अंग कमावण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात, असे सांगितले आहे. शिवाय काही पावडरींत बंदी असलेली द्रव्ये मिसळलेली असतात. खेळाडूच्या चाचणीत ती सापडली, तर 'मला ठाऊक नव्हते' एवढ्यावर सुटका होत नाही.

पण आमचा मुद्दा याहून मोठा आहे. डबा एका शरीरासाठी येतो, पैसा मात्र साऱ्या घराचा जातो. महिन्याच्या डाळ-अंड्यांना कात्री लागते, आणि ती बहुधा आईच्या व मुलीच्या ताटाला लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भाऊ पेल्यात पावडर ढवळतो आणि बहिणीला जिना चढताना धाप लागते, हे कसले आरोग्य? उद्या तीही भरतीला उभी राहणार आहे.

आहार म्हणजे नुसती प्रथिने नव्हेत. धावण्याआधी एखादे केळे खावे, सरावानंतर पाणी प्यावे व पोटभर न्याहारी करावी. पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी मिळते. रात्री जागणाऱ्याला कोणतीही पावडर तारत नाही.

माता-भगिनींनो, डब्याच्या पैशांत साऱ्या घरासाठी अंडी, डाळ, शेंगदाणे भरा. आणि वाढताना मुलाच्या ताटात जे पडेल, ते मुलीच्याही ताटात पडू द्या.