विश्लेषण : नारळावरील सोंड्या भुंग्याचा गंध त्याच्यावरच कसा उलटतो?

माडाच्या खोडाला भोक, त्यातून पाझरणारा तपकिरी चिकट द्रव, बाहेर आलेला भुसा... ही लक्षणे दिसेपर्यंत सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी खोड आतून पोखरलेले असते. त्यामुळे भुंगा झाडात शिरण्याआधीच पकडणे महत्त्वाचे. त्यासाठीचे सापळे भुंग्याच्याच रासायनिक संदेशावर चालतात.

धोका किती मोठा?
दक्षिण व आग्नेय आशियातील ही कीड १९८०च्या दशकात आखाती देशांतील खजुरांपर्यंत आणि पुढे स्पेनसह भूमध्य परिसरात पोहोचली. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिच्यासाठी रोममध्ये आंतरराष्ट्रीय बैठक घेतली. कोकणातल्या नारळबागांना ती नवी नाही. गेंड्या भुंग्याने केलेल्या जखमांत सोंड्याची मादी अंडी घालते.

हे रसायन कोणते?
नर भुंगा सोडत असलेला गंध १९९३ मध्ये ओळखला गेला. तो आहे ४-मिथाइल-५-नोनॅनॉल, अर्थात ‘फेरुजिनिऑल’. नऊ कार्बन अणूंची साखळी, चौथ्या कार्बनवर मिथाइल गट आणि पाचव्यावर हायड्रॉक्सिल गट, अशी या अल्कोहोलची रचना असते. सापळ्याच्या ल्युरमध्ये साधारण नऊ भाग फेरुजिनिऑल आणि एक भाग त्याच्याशी मिळताजुळता किटोन असतो.

याला ‘कामगंध’ म्हणावे का?
शेतकरी अशा सर्वच सापळ्यांना कामगंध सापळे म्हणतात. पण बोंडअळीच्या सापळ्यात मादीच्या गंधाने फक्त नर पतंग येतात. इथे नराच्या हाकेला नर-मादी दोघेही येतात. हा समूहगंध आहे. सापळ्यात बहुधा माद्याच जास्त सापडतात. अंडी घालण्याआधी सापडलेली प्रत्येक मादी म्हणजे टळलेली पुढची पिढी.

भुंग्याला वास कळतो कसा?
सोंडेवरच्या दोन शृंगिकांच्या गदेसारख्या टोकांवर सूक्ष्म केस असतात. त्यांच्या छिद्रांतून गंधरेणू आत शिरतात. प्रथिने ते चेतापेशींवरील ग्राहींपर्यंत नेतात आणि विद्युतसंदेश मेंदूकडे जातो. फेरुजिनिऑल ओळखणाऱ्या ग्राहीची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. हा ग्राही बंद पाडता आला, तर भुंग्याला हाक ऐकूच येणार नाही. मात्र हे काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

सापळा उलटतो केव्हा?
नुसता ल्युर पुरत नाही. आंबलेल्या फळाचा किंवा उसाचा वास सोबत असेल, तर भुंगे कितीतरी जास्त येतात. हे खाद्य सुकले, बादलीतले पाणी आटले, तर आलेला भुंगा सापळ्यात न पडता शेजारच्या माडावर जातो. म्हणून सापळा माडाच्या खोडाला बांधू नये, कोवळ्या रोपांपासून दूर ठेवावा आणि खाद्य-पाणी वेळच्या वेळी बदलावे. एकट्याच्या बागेतील सापळ्यापेक्षा गावाने मिळून लावलेले सापळे उपयोगी ठरतात, कारण हा भुंगा दूरवर उडू शकतो. देखभाल नसलेला सापळा मात्र किडीला दिलेले आमंत्रणच ठरतो.