टेबलामागचा महानायक

‘द इन्क्रेडिबल्स’ला पोरांचं कार्टून म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांनी तो पाहिलेलाच नसतो. माझं भांडण विद्वानांशी आहे. ब्रॅड बर्डचा हा पिक्सारपट २००४ साली आला तेव्हापासून एक आरोप ऐकतोय. म्हणे, हा सिनेमा जन्मजात श्रेष्ठांची आरती ओवाळतो आणि सामान्यांना हिणवतो.

अहो, मग विमा कंपनीतल्या त्या दृश्याचं काय करायचं? महानायकगिरीवर बंदी आलेली. एकेकाळचा मिस्टर इन्क्रेडिबल, म्हणजे बॉब पार, खुराड्याएवढ्या जागेत टेबलामागे कोंबलेला. समोर दावा नामंजूर झालेली म्हातारी. बॉब हळूच तिला सांगतो: कुठला फॉर्म भरायचा, कुठल्या मजल्यावर जायचं, कुणाला भेटायचं. वर साहेबाला संशय येऊ नये म्हणून तिला रडायचं सोंग आणायला लावतो. इथे त्याच्या दंडातल्या बळाचा काडीचाही उपयोग नाही. लागते ती नियमांची माहिती आणि दानत. या दोन्ही गोष्टी कुठल्याही कारकुनाजवळ असू शकतात. मी कारकून आहे, म्हणून ठासून सांगतो.

सिंड्रोम खलनायक ठरतो तोही जन्मजात शक्ती नाही म्हणून नव्हे. आपला यंत्रमानव पारखायला त्याने निवृत्त महानायकांचे जीव घेतले म्हणून. आणि एकट्याने मर्दुमकी गाजवायला निघालेला बॉब पकडलाच जातो. यंत्रमानव पडतो तो हेलन, मुलं आणि फ्रोझोन सोबत झुंजल्यावर.

खिडकीवरच्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणं फार सोपं असतं. योग्य फॉर्म दाखवायला महानायक असावं लागत नाही. हे ज्यांना दिसलं नाही, त्यांनी सिनेमा पुन्हा बघावा.